दिवे लावण्याआधी पाच मिनिटं

परवा माझी मुलगी दुपारची सोफ्यावर बसून फोनवर कोरियन मालिका बघत होती. कानात इअरफोनची बोंडं, मांडीवर उशी आणि गालांवरून पाणी. अंधारून आलं होतं म्हणून मी दिवा लावायला गेले आणि बटणावर ठेवलेला हात मागे घेतला. तिचं संपेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन शेंगा निवडत बसले. मी अशी का वागले ते सांगायचं तर इंगोलेकाकांबद्दल सांगावं लागेल.

इंगोलेकाका रडायचे. हे आधीच सांगून टाकते. चोरून नाही, रुमालात तोंड खुपसून नाही. खुर्चीत ताठ बसून, पडद्याकडे सरळ बघत रडायचे. संपलं की रुमालाची घडी उलगडायची, चेहरा पुसायचा, घडी होती तशी घालायची आणि खिशात. त्यांच्याकडे नेहमी तीन रुमाल असत, पांढरे, मोठे, इस्त्रीचे. एक स्वतःचा, एक शेजाऱ्याचा आणि एक जास्तीचा.

मी स्वतः सिनेमात रडणारी बाई नाही. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा शब्दांत कळवायच्या, हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग. तेव्हा आमची कंपनी हडपसरला होती, घर कर्वेनगरला. आठवड्याचे पाच दिवस कंपनीच्या बसमध्ये जात आणि रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चित्रपट मंडळ भरे. मंडळ प्रभुणेसरांचं. निवृत्त प्राध्यापक, एकटे, आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. हॉलच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘उशिरा येणाऱ्यांनी पुढच्या रविवारी लवकर यावे.’ मंडळात मला घेतलं ते माझ्या अभिरुचीसाठी नव्हे. कंपनीने भंगारात काढलेला प्रोजेक्टर मी रीतसर अर्ज करून मिळवला होता आणि तो फक्त माझं ऐकायचा. खिडक्यांना काळं कापड लावायचं, मशीन सुरू करायचं, शेवटी दिवे लावायचे. बटणांचा बोर्ड माझ्या खुर्चीशेजारी होता.

एका रविवारी दहाला पाच कमी असताना एक गृहस्थ आले. डोक्यावर हेल्मेट. पुण्यात तेव्हा हेल्मेट घालणं हा शहराचा अपमान समजला जाई, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी ते काढून मांडीवर घेतलं, वर रुमाल ठेवला.

‘‘आपण कुठून?’’ प्रभुणेसरांनी विचारलं.

‘‘खडकीहून. मूळचा यवतमाळचा.’’

‘‘काय करता?’’

‘‘सरकारी कारखान्यात आहे.’’

‘‘काय बनतं तिथे?’’

‘‘मी तपासणीला आहे,’’ काका म्हणाले आणि विषय संपला. पुढे इतकी वर्षं ओळख राहिली, पण त्या कारखान्यात काय बनतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. खडकीच्या बाजूला कारखाने कशाचे आहेत हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तो भाग वेगळा.

आमचा धंदा एकच निघाल्यामुळे आमचं जमलं. त्यांच्याकडे गेज असायचं, म्हणजे मापाचा एक लोखंडी साचा. वस्तू त्यातून गेली तर पास, अडकली तर रिजेक्ट. हाच नियम ते चित्रपटांना लावत. ‘‘ताई, आधी रडू आलं आणि मग व्हायोलिन वाजलं, तर पास. व्हायोलिन आधी वाजलं, तर रिजेक्ट.’’ मी हे पुष्कळ चित्रपटांवर लावून पाहिलं आहे. क्वचितच चुकतं.

कोरियन चित्रपट मंडळात आणले ते काकांनी. कुठल्याशा महोत्सवाचा फुकट पास त्यांना कारखान्यातल्या एकाने दिला होता. हिंदी असेल म्हणून जाऊन बसले. पडद्यावर एक बसड्रायव्हर होता. त्याच्या मुलाला पोलिसांनी उचललंय. बाप रोज पोलीस चौकीत मुलासाठी डबा घेऊन जातो. चौकीवरचा अंमलदार रोज डबा ठेवून घेतो आणि बाप गेला की स्वतः खातो. मुलगा केव्हाच मेलाय. अंमलदाराला ते माहीत आहे, आणि हळूहळू आपल्याला कळतं की बापालाही माहीत आहे. तरी तो डबा आणतोच, कारण डबा थांबवला तर मुलगा मेला असं होईल. शेवटी अंमलदार एक दिवस डबा खाऊ शकत नाही. बस, एवढंच.

‘‘मी एवढा रडलो, दारावरचा माणूस विचारायला आला, छातीत दुखून राहिलं का?’’ काका सांगत. एरवी त्यांचं मराठी खडकीत छत्तीस वर्षं राहून पुणेरी झालं होतं. जीव कुठे अडकला की यवतमाळ वर यायचं. ‘‘ताई, तो देश कुठं आहे ते मला नकाशात दाखवता आलं नसतं. पण ती माणसं आपल्यासारखी रडतात. जेवणाच्या ताटावर.’’

तेव्हापासून ते कुठून कुठून डिस्क मिळवत आणि आम्हाला दाखवायला लावत. त्यांची उपपत्ती अशी: त्या देशात बरीच वर्षं लष्कराचं राज्य होतं. रस्त्यावर उभं राहून कशासाठी रडायची सोय नव्हती. मग लोक थिएटरात जात. पडद्यावर सासू सुनेला छळते, आई मुलाला टाकते, आणि लोक त्या निमित्ताने वेगळ्याच कशासाठी रडून घेतात. सरकारला वाटतं, कौटुंबिक आहे, चालू द्या. हे कितपत खरं आणि कितपत काकांचं, मला माहीत नाही. मी तपासलं नाही, आणि तपासणं हा माझा धंदा आहे.

प्रभुणेसरांना हे सगळं भडक वाटे. त्यांना आवडणाऱ्या चित्रपटात एक माणूस खिडकीपाशी उभा राही आणि अर्ध्या तासाने बसे.

‘‘इंगोले, डोळे पुसत बसायचं तर बघायचं केव्हा?’’

‘‘सर, तुमच्या चित्रपटात बघायला काय असतं? खिडकी.’’

‘‘खिडकीबाहेर असतं.’’

‘‘मग बाहेरच जाऊन पाहू ना.’’

असं दर रविवारी. पण मंडळात काकांचे दोन रिवाज पक्के झाले आणि प्रभुणेसरांनीही ते चालू दिले.

पहिला रिवाज पाच मिनिटांचा. चित्रपट संपला, अक्षरं सरकू लागली की मी सवयीने दिवे लावायला उठले. काका मागून म्हणाले, ‘‘पाच मिनिटं थांबा ताई. लोकांना चेहरे नीट करू द्या.’’ सुरुवातीला मी दोन मिनिटंच द्यायचे. मला घरी जाऊन कुकर लावायचा असे. पण अंधारात नाकं शिंकरल्याचे, पिशव्यांचे, खाकरल्याचे आवाज येत, आणि ते थांबण्याआधी दिवे लावणं हे कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडण्यासारखं वाटू लागलं. मग मी घड्याळ लावून पाच मिनिटं मोजू लागले. दिवे लागले की सगळे पुणेकर होत: ठीक होता, जरा लांबला, पार्किंगमध्ये कुणाची गाडी आडवी आहे?

दुसरा रिवाज वाचनाचा. चित्रपटाखालची इंग्रजी वाक्यं भराभर पळत. म्हातारी मंडळी ‘‘काय म्हणाली? काय म्हणाली?’’ करत राहत आणि प्रभुणेसर ‘‘शू!’’ करत राहत. काकांनी एक डिस्क घरी नेली, महिनाभर थांबवून थांबवून बघितली आणि कारखान्यातल्या चौकडीच्या वहीत सगळे संवाद मराठीत उतरवून आणले. इंग्रजी मी तपासून दिलं. मग ते पडद्याच्या बाजूला, माझ्या खुर्चीच्या जरा पुढे स्टुलावर बसून, छोट्या बॅटरीच्या उजेडात, प्रत्येक वाक्य वेळेवर वाचत. आवाज अगदी सपाट, एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसा.

मी म्हटलं, ‘‘काका, थोडा भाव आणा की.’’

‘‘भाव त्या बाईनं आणला आहे ना. मी अजून घातला तर दुप्पट होईल. माप चुकेल.’’

डोळ्यांतून पाणी वाहत असे, आवाज हलत नसे. हे त्यांना कसं जमे, देव जाणे.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, वही द्यायला. खडकीचं सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, बाहेर कढीपत्ता. काकू म्हणाल्या, ‘‘तिकडे रडतात म्हणे हे. घरात कधी नाही पाहिलं बाई. कांदासुद्धा मलाच चिरायला लावतात.’’

काका हसले. मग कपात बघत म्हणाले की नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या खात्यात अपघात झाला होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस गेला. दुसऱ्या पाळीला सगळे कामावर. कुणी बोललं नाही, कुणी रडलं नाही, बोलायची परवानगीच नव्हती. पंधरा दिवसांनी ते एक कुठलासा हिंदी सिनेमा बघायला गेले. त्यात एक बैल मरतो. ‘‘मी उठून बाहेर आलो आणि थिएटरच्या भिंतीला टेकून रडलो. अर्धा तास. बैलासाठी कोण एवढं रडतं, ताई?’’

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या हातातली पळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मला ते त्या दिवशी फारसं कळलं नाही. कळलं ते वर्षा-दीड वर्षाने. अमेरिकेत काहीतरी कोसळलं आणि हडपसरला आमची टीम अर्धी झाली. मीच एकेकाला खोलीत बोलावून पत्रं दिली. आवाज सपाट, शब्द गोड. त्या कामात मी चांगली आहे. नागपूरकडची एक मुलगी ‘‘थँक यू मॅडम’’ म्हणून गेली. मी संध्याकाळी बसमध्ये बसून भाजीची यादी केली. त्या रविवारी पडद्यावर एक म्हातारा गिरणी बंद झाल्यावर आपले कामाचे बूट धुऊन उन्हात ठेवतो. नुसते बूट. मला काय झालं कुणास ठाऊक, श्वासच घेता येईना. स्टुलावरून वाचता वाचता, पडद्यावरची नजर न हलवता, काकांनी डावा हात मागे केला. त्यात जास्तीचा रुमाल होता.

त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. रुमाल धुऊन, इस्त्री करून परत केला.

आता निनावी पत्राची गोष्ट.

एका रविवारी काका आले आणि हेल्मेट न काढताच खुर्चीत बसले. काच वर करून त्यांनी मला कागद दाखवला. कारखान्याकडे निनावी पत्र गेलं होतं, त्याची नक्कल सोबत होती: आपला एक कर्मचारी कर्वेनगरात लोकांना जमवून परदेशी चित्रपट दाखवतो, त्यांत सैन्य स्वतःच्याच जनतेवर गोळ्या झाडतं, वर मराठीत भाषणं वाचतो. कारखान्याने खुलासा मागवला होता आणि एक अधिकारी पुढच्या कार्यक्रमाला न कळवता येऊन पाहणी करील, असं कळवलं होतं. न कळवता येणार असल्याचं कळवलं होतं, ही सरकारी तऱ्हा.

‘‘निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ताई,’’ काका म्हणाले. ‘‘छत्तीस वर्षं काढली. निलंबित केलं तर क्वार्टर जाईल, पेन्शन अडकेल. मी तिला अजून सांगितलं नाही.’’

पुढच्या कार्यक्रमाला आम्ही जो चित्रपट ठरवला होता, त्यात नेमकं तेच होतं. शहरात गोळीबार होतो, आणि गोळ्या झाडणाऱ्या एका शिपायाची बहीण गर्दीत असते. वही लिहून तयार होती.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, ‘‘कार्यक्रम रद्द करू.’’

‘‘रद्द केला म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतं असं होईल.’’

प्रभुणेसर म्हणाले, ‘‘माझा खिडकीवाला लावा. त्यात कुणी काही करतच नाही. आक्षेप घेणार कशाला?’’

मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं. कारण खरं सांगायचं तर निनावी पत्र त्यांचंच असणार असं मला त्या क्षणी वाटत होतं. कोरियन चित्रपटांवर एवढा राग दुसऱ्या कुणाला होता?

त्यांनी ओळखलं. ‘‘अहो बाई, पत्र मी लिहिलं असतं तर खाली सही केली असती. आणि शुद्धलेखन बरं असतं.’’

ते खरं होतं. पत्र कुणी लिहिलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांनी हेल्मेटची काच खाली केली, पुन्हा वर केली आणि म्हणाले, ‘‘लोणच्याचा लावू.’’

लोणच्याचा म्हणजे दोन बहिणींचा. देशाची फाळणी होते, सीमेच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. थोरली दरवर्षी कोबीचं लोणचं घालते, बरण्या अंगणात पुरते, आणि एक बरणी बहिणीची म्हणून वेगळी ठेवते. नवरा, सासू, मुलं, सून, सगळ्यांशी त्या एका बरणीवरून भांडते. पन्नास वर्षांनी सरकार दोघींना दोन तास भेटू देतं. घरगुती मामला. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि वही तपासायला घेतली. तिसऱ्या दिवशी बसमध्ये शेवटची पानं वाचताना माझ्या लक्षात आलं. काकांना फोन केला.

‘‘काका, हा तर सरकारला त्या गोळीबारापेक्षा जास्त झोंबणारा आहे.’’

‘‘हो,’’ काका म्हणाले. ‘‘पण यात बंदूक नाही.’’

फलकावर मी ‘कौटुंबिक चित्रपट’ असं ठळक लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की एरवी पंधरा माणसं येत तिथे चाळीस आली. सोसायटीतल्या बायका झाडून आल्या. आम्ही तिघं दाराकडे डोळे लावून. दहाला दोन मिनिटं असताना राखाडी सफारी घातलेले, बगलेत फाइल धरलेले एक गृहस्थ दारात येऊन आत डोकावले.

प्रभुणेसर, जे आयुष्यात कुणासाठी उठले नव्हते, ते उठले. ‘‘या, या. आपलीच वाट पाहत होतो.’’

‘‘नाही, मी फक्त एक विचारायला...’’

‘‘आधी चित्रपट. विचारायचं ते नंतर विचारा, सगळी उत्तरं मिळतील.’’ त्यांना पहिल्या रांगेत पंख्याखाली बसवलं. बाकीच्यांना कागदी पेल्यात चहा, त्यांना बशीसकट कपात. दोनदा ते उठू लागले, दोनदा प्रभुणेसरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

चित्रपट सुरू झाला. काका नेहमीच्या सपाट आवाजात वाचत होते. बायकांना गोष्ट लगेच पटली. बरणीवरून भांडण हे काही त्यांना समजावून द्यावं लागलं नाही. मी मात्र सफारीच्या पाठीकडे बघत होते. पाठ काही सांगत नव्हती.

चित्रपट अर्धा झाल्यावर दाराजवळच्या खिडकीचं कापड एका कोपऱ्यात सुटलं आणि उन्हाचा पट्टा सरळ पडद्यावर आला. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ चौकडीचा हाफ शर्ट घातलेला एक माणूस बसला होता. मला वाटलं, पाण्याची टाकी धुवायला येतात त्यांच्यातला असेल. तो उठला, कोपरा वर नेऊन हाताने दाबून धरला. मी खुणेने सांगितलं, सोडा, स्टूल आणते. त्याने मान हलवली आणि पडद्याकडे बघत उभा राहिला. मीही मग उठले नाही.

शेवटी दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसतात. बाजूला घड्याळ बघणारे अधिकारी. बरणी नाक्यावरच काढून घेतलेली असते. दोघी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. काय बोलावं सुचत नाही, दोन तासांतला एक तास तसाच जातो. मग थोरली पदरासारख्या कापडाच्या गाठीतून लोणच्याची एक फोड काढते, लपवून आणलेली. धाकटी ती तोंडात घालते. चावते.

आणि काका थांबले.

पडद्यावर धाकटीचे ओठ हलले, पण मराठी वाक्य आलं नाही. चाळीस माणसं त्या एका वाक्यासाठी खोळंबली. मी अंधारात काकांकडे पाहिलं. ते वहीकडे बघत होते आणि त्यांचं तोंड उघडत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं माप चुकलं होतं, तेही नेमकं त्या सफारीसमोर. मला वाटलं, संपलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रभुणेसर उठून गेले, काकांच्या हातातून वही आणि बॅटरी घेतली, चष्मा सारखा केला आणि वर्गात विद्यार्थ्याची चूक दाखवावी तसे म्हणाले:

‘‘अजूनही मीठ कमीच घालतेस.’’

मागून कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. मग सगळा हॉलच रडू लागला. प्रभुणेसर न थांबता शेवटपर्यंत वाचत राहिले. आवाज कोरडा ठणठणीत. एवढं चांगलं वाचन मी आजवर ऐकलेलं नाही.

मी पाच मिनिटं मोजली. त्या दिवशी खरं तर सात लागली असती, पण मला धीर नव्हता. दिवे लावले. सफारीतले गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. प्रभुणेसर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ‘‘हां, आता विचारा.’’

ते गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, ‘‘तेवीस तारखेला हा हॉल मिळेल का? नातवाची मुंज आहे.’’

प्रभुणेसर म्हणाले, ‘‘बशी तरी परत द्या.’’

म्हणजे अधिकारी आलाच नव्हता, असं आम्ही ठरवलं. म्हणजे तो पुढच्या वेळी येणार, म्हणजे पुन्हा सगळं आलं. कापड काढताना मला दिसलं की सुटलेला कोपरा कुणीतरी नीट दुमडून खिडकीच्या गजांमध्ये खोवून ठेवला होता. चौकडीच्या शर्टवाला निघून गेला होता.

तीन आठवडे काका आले नाहीत. फोनवर ‘‘अजून काही नाही’’ एवढंच म्हणायचे. चौथ्या रविवारी दहाला दहा कमी असताना आले. हेल्मेट हातात होतं. डोक्यावर नाही, हातात. खडकीपासून कर्वेनगरपर्यंत ते विसरले होते घालायचं.

‘‘मिटलं,’’ ते म्हणाले. त्यांना ऑफिसात बोलावून अहवाल वाचून दाखवला होता आणि खाली सही घेतली होती. त्यांनी तो पाठच केला होता. स्टुलावर बसून त्यांनी तो आम्हाला म्हणून दाखवला, एसटी स्टँडच्या आवाजात: ‘‘कार्यक्रम कौटुंबिक स्वरूपाचा होता. चित्रपट लोणच्याविषयी होता. प्रेक्षकांत महिलांची संख्या जास्त होती. प्रेक्षक रडत होते. आक्षेपार्ह काही आढळले नाही.’’

आम्ही इतकं हसलो की प्रभुणेसरांना ठसका लागला.

‘‘पण आला कोण होता?’’ मी विचारलं.

‘‘टेबलापलीकडे बसला होता ना. तोच चौकडीचा शर्ट.’’ काकांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. ‘‘ताई, तो माणूस पाऊण तास हात वर करून कापड धरून उभा होता. ते त्यानं अहवालात नाही लिहिलं.’’

‘‘तुम्ही काही बोललात त्याला?’’

‘‘काय बोलणार? त्यानं पेन दिलं, मी सही केली. निघताना म्हणाला, आमच्या आईकडे पण अशी एक बरणी आहे. कोणाची, ते नाही सांगितलं. मी पण नाही विचारलं.’’

त्याच संध्याकाळी काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी दोन दिवस अबोला धरला, पत्राबद्दल नव्हे, सांगितलं नाही याबद्दल.

उरलेले महिने सुरळीत गेले. गोळीबाराचा चित्रपटही आम्ही पुढे दाखवला. त्याला पंधराच माणसं आली. काका निवृत्त झाले, क्वार्टर मुदतीत रिकामं केलं, पेन्शन वेळेवर सुरू झाली आणि यवतमाळला गेले. तिथून फोन करून मला नवे चित्रपट सांगायचे, पास किंवा रिजेक्ट. काही वर्षांपूर्वी ते वारले. मी तेव्हा कामासाठी परदेशात होते, जाता आलं नाही. त्यामुळे माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे यवतमाळला जाण्याआधीचा रविवार.

त्या दिवशी प्रभुणेसरांनी त्यांना वाचू दिलं नाही. ‘‘आता तुम्ही निवृत्त. प्रेक्षकांत बसा.’’ वाचायला स्वतः बसले. खिडकीवाल्या चित्रपटाचं नाव काढणं तोपर्यंत त्यांनी सोडून दिलं होतं. चित्रपट काकांचा आवडता होता, तोच बसड्रायव्हरचा, डब्याचा. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. हेल्मेट खाली, तिन्ही रुमाल मांडीवर.

अंमलदार डब्याचं झाकण उघडतो आणि खाऊ शकत नाही, तिथे हॉलमध्ये ओळखीचे आवाज सुरू झाले. मीही पर्स चाचपली. आता माझ्याकडेही रुमाल असे. चित्रपट संपला. पडदा काळा झाला. मी घड्याळ बघून मोजायला लागले आणि सहज शेजारी पाहिलं.

काका झोपले होते. मान मागे, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. केव्हा लागला डोळा देव जाणे. बहुधा डबा पहिल्यांदा चौकीत पोचला त्याच्याही आधी. मांडीवरचे तिन्ही रुमाल घडीचे होते, कडक इस्त्रीचे.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. पुढे नाकं शिंकरून झाली, पिशव्या आवरून झाल्या, कुणीतरी चपला शोधायला लागलं.

अंधारातून प्रभुणेसरांचा आवाज आला, ‘‘अहो बाई, पाच मिनिटं केव्हाच झाली.’’

‘‘माझं घड्याळ मागे आहे,’’ मी म्हटलं.